पहिला रीलोडिंग प्रेस : वेग नको, वजनकाटा चांगला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील मराठी मंडळींच्या छंदांविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात नेमबाजीचा आणि घरी काडतुसे पुन्हा भरण्याचाही उल्लेख होता. तासाला सर्वांत जास्त काडतुसे देईल तो प्रेस, म्हणजे काडतुसे भरण्याचे हातयंत्र, घ्यावा, असा सल्ला त्यात नवख्यांना दिला आहे. हा सल्ला धोक्याचा आहे. शिवाय प्रेसच्या आधी जे सांगायला हवे होते, ते लेखात आलेच नाही.

एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि दारूगोळा बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणे अशा मोजक्या सवलती आहेत, पण त्या गृहीत धरू नयेत, वकिलाला विचारावे. या कायद्यात 'दारूगोळा' म्हणजे फक्त तयार काडतूस नव्हे. रिकामी केस (काडतुसाची पितळी नळी), प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टिकली), बंदुकीची दारू, पुढे उडणारी गोळी हे सुटे भागही त्यात येतात. 'अजून बंदूक घेतली नाही, नुसते सामान जमवतोय' हा बचाव टिकत नाही. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. ज्यांना हक्क आहे त्यांनी स्वतःपुरती काडतुसे भरायला संघीय परवाना लागत नाही, पण विकण्यासाठी भरायची तर लागतो. राज्याचे, शहराचे आणि भाड्याच्या घराच्या करारातले नियम वेगळे असू शकतात. भारतात तर 1959च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. त्यामुळे इथल्या वाचकांनी हा प्रयोग करू नये आणि तिकडून येताना कुणाच्या सामानात असा प्रेस मागवूही नये.

आता प्रेस. मुळात ही लांब दांड्याची तरफ आहे. दांडा खाली ओढला की रॅम, म्हणजे मधला उभा दंड, वर जातो आणि त्याच्या टोकावरच्या खाचेत (शेल होल्डरमध्ये) अडकवलेली पितळी केस वरच्या डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, शिरते. एक डाय जुना प्रायमर पाडून फुगलेली केस मूळ मापाला आणते, दुसरी पिस्तुलाच्या केसचे तोंड किंचित उघडते, तिसरी गोळी बसवते. सिंगल स्टेज प्रेसमध्ये एका वेळी एकच डाय असते. टरेटमध्ये फिरत्या चकतीवर तीन-चार डाय तयार असतात. प्रोग्रेसिव्हमध्ये केसच फिरतात, आणि दांड्याच्या प्रत्येक फेरीला चार-पाच केसवर चार-पाच कामे एकाच वेळी होतात.

गोम इथेच आहे. प्रोग्रेसिव्हवर एकाच वेळी प्रायमर बसतोय, दारू पडतेय, गोळी बसतेय. नवख्याचे डोळे यातल्या एकाच जागी असतात. मध्येच काही अडकले, दांडा अर्धा मागे नेऊन पुन्हा ओढला, की एखाद्या केसमध्ये दारू दोनदा पडते किंवा पडतच नाही. 9 मिलिमीटरच्या केसमध्ये काही जलद जळणाऱ्या दारूंचे योग्य माप निम्म्याहूनही कमी जागा घेते. दुप्पट पडली तरी ती वर येऊन सांडत नाही, आणि गोळी वरून नेहमीसारखीच बसते. असे काडतूस उडाले की पिस्तूल फुटू शकते. दारू पडलीच नाही, तर एकटा प्रायमर गोळीला नळीत ढकलून मध्येच अडकवतो. आवाज बारीक येतो. नेमबाजाने न थांबता पुढची गोळी झाडली की नळी फाटू शकते.

सिंगल स्टेजवर हेच काम पन्नासांच्या घाण्याने होते. पन्नास केस मूळ मापाला आणायच्या, मग पन्नास प्रायमर, मग पन्नास खाचांच्या लाकडी ठोकळ्यात उभ्या केलेल्या केसमध्ये दारू. गोळ्या बसवण्याआधी टॉर्च तिरपा धरून ओळीओळीने आत पाहायचे. सगळीकडे पातळी सारखी दिसली पाहिजे. एखादी केस जास्त काळी दिसली तर ती रिकामी, एखादीत दारू वर आलेली दिसली तर ती दुबार. पन्नास केस पाहायला दोन मिनिटे लागतात. बहुतेक अपघात इथेच टळतात, म्हणून पहिला प्रेस सिंगल स्टेजच घ्यावा असे आमचे ठाम मत आहे. तासाला पन्नास-साठ काडतुसे होतील. लांब पल्ल्याच्या रायफलीसाठी महिन्याला शंभर लागणाऱ्याला एवढी पुरतात. पिस्तुलाच्या स्पर्धांसाठी आठवड्याला चार-पाचशे लागणाऱ्याने वर्षभराने प्रोग्रेसिव्ह जरूर घ्यावा. तेव्हाही जुना प्रेस वाया जात नाही. चुकलेल्या काडतुसाची गोळी उपसायला आणि नवी डाय बसवून पाहायला तोच लागतो. मधला मार्ग हवा असेल तर टरेट घ्यावा, आणि चकती आपोआप फिरवणारी दांडी काढून सुरुवातीला तो सिंगल स्टेजसारखाच वापरावा.

घेताना चौकट पाहावी. चौकट सगळीकडून बंद, म्हणजे इंग्रजी ओ अक्षरासारखी, आणि बिडाची असावी. समोरून उघडी अॅल्युमिनियमची चौकट हलकी आणि स्वस्त असते, पण .308सारख्या रायफलची केस मूळ मापाला आणताना ती जोराखाली किंचित उघडते आणि मापात फरक पडतो. आरसीबीएस कंपनीचा रॉक चकर हा जड, बिडाचा प्रेस या प्रकाराचा जुना नमुना आहे. डाय कुठल्याही कंपनीची घेतली तरी बहुतेक प्रेसला बसते, कारण आटे 7/8 इंच व्यासाचे आणि इंचाला 14 असे ठरलेले आहेत. पडलेला प्रायमर कुठे जातो तेही विचारावे. रॅमच्या पोटातून नळीने खाली डब्यात जाणारा चांगला, कारण उघड्या ताटलीत पडला तर त्याची काजळी रॅमवर बसून रॅम घासू लागतो.

टेबलाकडे फार कमी लोक लक्ष देतात. रायफलची केस डायमधून परत ओढताना हलके टेबल प्रेससकट उचलले जाते. पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर, मागचे पाय भिंतीच्या लाकडी खांबांना स्क्रूने घट्ट आणि प्रेसला आरपार बोल्ट, एवढे हवेच. अपार्टमेंटमध्ये भिंतीला भोके पाडता येत नसतील तर जाड फळीवर प्रेस बसवून ती फळी दोन दणकट शिकंज्यांनी टेबलाला आवळावी.

प्रेसवर वाचलेले पैसे काट्यावर घालावेत. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून थोडा जास्त. पिस्तुलाच्या मापात अर्ध्या ग्रेनची चूकही मोठी ठरते. इलेक्ट्रॉनिक काटा पंख्याच्या किंवा एसीच्या झोताने भरकटतो, बॅटरी उतरली की खोटे बोलतो. म्हणून तो आधी चालू करून तापू द्यावा आणि प्रमाणित वजनांनी दर वेळी तपासावा. दांडीचा काटा हळू असतो, पण बॅटरीच्या भानगडी त्याला नाहीत. शिवाय केसची लांबी मोजायला कॅलिपर लागतो. .223 रायफलची केस 1.760 इंचांपेक्षा लांब झाली की तिचे तोंड चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसते त्या पोकळीच्या, टोकात चिमटले जाऊन दाब वाढतो, म्हणून ती 1.750 इंचांवर कापतात. आणि दारू कंपनीचे किंवा गोळी कंपनीचे चालू वर्षाचे मापांचे पुस्तक. त्यातल्या सुरुवातीच्या मापापासूनच चढत जावे. कुणी तोंडी सांगितलेले माप वापरू नये.

नवखे ज्या चुकांचे खापर प्रेसवर फोडतात, त्यांतल्या बऱ्याच प्रेसच्या नसतात. रायफलची केस वंगण न लावता डायमध्ये घातली तर ती आत रुतून बसते आणि जोर केला की तिची कड तुटते. वंगण जास्त झाले तर केसच्या खांद्यावर, म्हणजे ती निमुळती होते तिथे, खळगा पडतो. कार्बाइड या अतिकठीण पदार्थाच्या डायमध्ये पिस्तुलाच्या सरळ केसला वंगण लागत नाही. लष्करी केसमधला प्रायमर कडेने दाबून पक्का केलेला असतो. ती कड काढल्याशिवाय नवा प्रायमर वाकडा बसतो. तळाला दोन बारीक भोके असलेल्या बर्डन प्रकारच्या केसमध्ये जुना प्रायमर पाडणारी डायची सुई मोडते, त्या केस बाजूला काढाव्यात. बसलेला प्रायमर केसच्या बुडापेक्षा किंचित आत असावा. बोट फिरवून पाहावे, बोटाला लागला तर तो वर राहिलाय.

टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवावा, आणि काम संपल्यावर उरलेली दारू मूळ डब्यात परत घालावी. घट्ट लोखंडी पेटीत ती ठेवू नये, कोंडलेली दारू पेटली तर स्फोटासारखी फुटते. प्रायमर त्यांच्या मूळ ताटलीतच राहू द्यावेत. बरणीत ओतलेले प्रायमर एकाच्या ठिणगीने सगळे उडतात. वापरलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसे असते, म्हणून केस घासण्याचे यंत्र स्वयंपाकघरापासून आणि मुलांपासून लांब ठेवावे, काम करताना खाऊ-पिऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत. दांडा ओढताना दर वेळी डोळ्यांवर चष्मा हवा.

जुना प्रेस स्वस्तात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, बीड पिढ्यान् पिढ्या टिकते. रॅम वर नेऊन डावी-उजवीकडे हलवून पाहावा, आट्यांजवळ तडा शोधावा, खिळी ढिली नाहीत ना ते तपासावे. त्या प्रेससोबत कुणी लेबल नसलेल्या डब्यातली दारू किंवा कुणीतरी भरलेली काडतुसे दिली, तर ती वापरू नयेत. त्यांचे काय करायचे ते गावच्या अग्निशमन दलाला विचारावे.

आपले,
नेमबाजीचा छंद असलेले काही वाचक,
फिनिक्स, अॅरिझोना