अलास्कात नांगराचा हिशेब चुकतो तो इथे

मा. संपादक,

मित्रमंडळींनी खासगी बोटीने आग्नेय अलास्काचा किनारा फिरायचे ठरवले की चर्चा हिमनद्या आणि देवमाशांचीच होते. घात मात्र नांगरावर होतो. तिथे भरती-ओहोटीतला फरक २० फुटांपर्यंत जातो. ओहोटीला ६० फूट असलेली खोली भरतीला ८० होते. त्यात नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची ५ फूट उंची मिळवा. नांगर पकडून राहण्यासाठी या बेरजेच्या पाचपट लांबी धरली तर साखळी आणि दोर मिळून ४२५ फूट सोडायला हवेत. ओहोटीच्या आकड्यावर विसंबणारा ३०० फुटांवर थांबतो. रात्री पाणी चढते, ओढ उभी होते आणि नांगर तळातून सुटतो. एवढ्या लांबीमुळे नांगराभोवती फिरायला बोटीला मोठा घेर लागतो, हेही जागा निवडतानाच पाहावे.

सिटका शहराजवळच्या सर्जियस नॅरोज या अरुंद सामुद्रधुनीत प्रवाह ५ नॉटच्या (ताशी ५ सागरी मैलांच्या) पुढे जातो. प्रवाहाच्या तक्त्यात पाणी स्थिरावण्याची वेळ पाहूनच शिरावे.

ग्लेशिअर बे या हिमनद्यांच्या उपसागरासाठी १ जून ते ३१ ऑगस्ट परवाना लागतो. तो मोफत असला तरी दिवसाला २५ खासगी बोटींनाच प्रवेश असतो आणि अर्ज ६० दिवस आधीपासूनच घेतात. म्हणून सर्वांच्या रजा परवान्याच्या तारखेनुसार ठरवाव्यात.

– एक वाचक