सिस्टरांना मेमो, सिरिंजा मात्र तिथेच

महोदय,

१७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन. त्या निमित्ताने रुग्णालयांत फलक लागतात, शपथा होतात. २७ वर्षे फिजिशियन म्हणून काम केल्यावर मला मात्र त्या दिवशी एक इन्सुलिनची सिरिंज आठवते.

मी पूर्वी ज्या खासगी रुग्णालयात होतो, तिथे एका रात्री ६४ वर्षांच्या आजींना १६ युनिट इन्सुलिन द्यायचे होते. नातेवाइकांनी घरून इन्सुलिनच्या पेनमध्ये बसवायची औषधाची नळी, म्हणजे कार्ट्रिज आणले, पेन घरीच राहिले. सिस्टरांनी वॉर्डातली लाल टोपणाची सिरिंज घेऊन १६च्या खुणेपर्यंत औषध भरले. खूण बरोबर होती. पण ती सिरिंज मिलिलिटरला ४० युनिटच्या बाटलीसाठी असते, कार्ट्रिजमध्ये मिलिलिटरला १०० युनिट असतात. आजींना १६ऐवजी ४० युनिट गेले. पहाटे त्या घामाने निथळत, बेशुद्ध सापडल्या. शुगर ३२. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर वाचल्या.

सकाळी सिस्टरांना मेमो मिळाला. आठवड्याभरात त्यांनी नोकरी सोडली. त्या मेमोवर माझीही सही होती आणि ती मला आजही सलते, कारण सात महिन्यांनी दुसऱ्या वॉर्डात, दुसऱ्या सिस्टरांच्या हातून तेच घडले. २८ खाटांना रात्री एकच सिस्टर, लाल आणि केशरी (मिलिलिटरला १०० युनिटवाल्या) टोपणाच्या सिरिंजा एकाच ट्रेमध्ये. यातले काहीच आम्ही बदलले नव्हते.

एमडीच्या तीन वर्षांत मला मधुमेहाची गुंतागुंत उत्तम शिकवली गेली. घडलेल्या चुकीच्या मुळाशी कसे जायचे, केलेल्या बदलाने फरक पडला की नाही हे कसे मोजायचे, हे कोणी शिकवले नाही. चाळिशीनंतर स्वतः वाचून शिकलो. मग पेनशिवाय कार्ट्रिज वापरणे बंद केले, वॉर्डात एकाच प्रकारच्या सिरिंजा ठेवल्या, केसपेपरवर ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायला लावला आणि दर सोमवारी ७०च्या खालच्या शुगरच्या नोंदी मोजू लागलो. पहिल्या महिन्यात नोंदी वाढल्याच! मेमोची भीती गेल्यावर सिस्टर मोकळेपणाने सांगू लागल्या होत्या.

आपल्याकडे गुणवत्ता म्हणजे रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या फायली आणि त्या सांभाळणारा क्वालिटी मॅनेजर, डॉक्टर फक्त सहीपुरते, असे मी अनेक ठिकाणी पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची १९ मुद्द्यांची यादी आठ शहरांत तपासली गेली, त्यात दिल्लीही होती. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. यादी छापून भिंतीवर लावता येते. भुलीआधी आणि चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबून ती मोठ्याने वाचावी, अशी घडी बसवणे हे शिकावे लागते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत याच विषयाची, म्हणजे रुग्णसेवेची गुणवत्ता सुधारण्याची, डॉक्टरांसाठी दोन वर्षांची फेलोशिप पंचवीसहून अधिक वर्षे चालू आहे.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला माझी विनंती आहे, की एमडी-एमएस झालेल्यांसाठी वैद्यकीय महाविद्यालयांत या विषयाची एक वर्षाची फेलोशिप चालवावी आणि तिची परीक्षा वॉर्डात घ्यावी : एक त्रास निवडा, मोजा, कमी करून दाखवा. तोवर एक गोष्ट लगेच करता येईल. पदव्युत्तर विद्यार्थी तीन महिने जिल्हा रुग्णालयात जातातच. त्या काळात प्रत्येकाकडे असे एक काम सोपवावे आणि त्यात तिथल्या सिस्टरांना बरोबरीने घ्यावे. आमच्या जिल्हा रुग्णालयात असे विद्यार्थी आले, तर आठवड्यातली एक दुपार मी त्यांच्यासाठी विनामोबदला देईन.

– एक फिजिशियन, सोलापूर