पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातल्या, काउंटरमागच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला जो माल विकला नाहीत, त्याबद्दल हे आभार.

माझी मारुती ८०० तापायला लागली तेव्हा एका गॅरेजमध्ये असा आकडा ऐकला की तेवढ्यात दुसरी जुनी गाडी आली असती. म्हटलं, आपणच खोलू. यादी घेऊन पेठेत आले: वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं सील). आधीच्या दुकानात "साहेब नाही आले का?" हे ऐकून झालं होतं. तुम्ही यादी बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "ताई, पाणी जातं कुठे? खाली गळतं की नुसतंच कमी होतं?"

ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय धरलीय, म्हणजे ऑइलमध्ये पाणी जातंय, असं मी घाईघाईने सांगितलं. त्यावर तुम्ही म्हणालात की थंडीत जवळच्या जवळ गाडी फिरवली तरी वाफेने तशी साय धरते, त्यावरून काही ठरवू नका. डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) ऑइल कसं दिसतं ते बघा. आणि इंजिन गार असताना रेडिएटरचं टोपण काढून गाडी चालू करा, बुडबुडे थांबायचं नाव घेत नसतील तर गॅस्केट उडालंय. बुडबुडे आले, चहाच्या आधणासारखे. दुसऱ्या दिवशी तुम्ही गॅस्केट सेट दिलात आणि टायमिंग पट्टा ("उतरणारच आहे, तर जुना परत कशाला चढवता?"). बाकी यादी परत माझ्या हातात.

तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं इंजिन. बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं. १९८३ साली आलेली ही गाडी २०१४ च्या जानेवारीत बनायची बंद झाली, तरी तिचा बारीकसारीक पार्ट तुमच्या फळीवर आहे, म्हणून तर माझ्यासारखीला खोलायचं धाडस होतं. मॅनिफोल्डचे गंजलेले नट सोडले तर उतरवणं फार अवघड गेलं नाही. हेडचे बोल्ट बाहेरून आत सोडत यायचे आणि बसवताना मधून बाहेर आवळत जायचे, हे तुम्ही बिलाच्या मागे आकडे टाकून दिलं होतंत. कुठला बोल्ट कुठला, हे कळावं म्हणून मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला भोकं पाडून त्याच क्रमाने खोवायचे, ही युक्तीही तुमचीच.

पण खरी गोष्ट सिरिंजची. हेड उतरलं त्या रात्री तुमचा फोन आला: "बोल्टच्या भोकांत पाणी असेल. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा, सुई नको, आणि भोकं कोरडी करा." मी टॉर्च मारला तर तळाशी खरंच कूलंट साचलेलं. फडक्याने वरवर पुसून मी पुढे गेले असते. पाणी दबत नाही. वरून बोल्ट आवळत गेलं की ते खाली अडकतं. मग एकतर बोल्ट अर्ध्यात घट्ट वाटतो आणि गॅस्केटवर दाब बसत नाही, नाहीतर ब्लॉकला तडा जातो. सिरिंजने ओढून, वर फडक्याची वात फिरवून, शेवटची ओल हवेने उडवून मगच पुढचं काम केलं. इतक्या व्हिडिओंमध्ये हे कुणी का सांगत नाही, देव जाणे.

हेड वाकलंय का ते बघायला त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली तर मध्ये ०.०५ मिमीचं फीलर (फट मोजायची पातळ पाती) सरळ आत गेलं. पॉलिश पेपर मारू का, असं विचारल्यावर तुम्ही जवळजवळ ओरडलातच. फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) टाका, आणि किती घेतलं ते विचारून घ्या. जास्त कापलं की कॉम्प्रेशन वाढतं. तेही तसंच केलं. वर बोल्ट मोजक्या जोराने आवळायचा तुमचा स्वतःचा टॉर्क रेंच दिलात, डिपॉझिट न घेता. पेठेत असं होतं हे कुणाला पटत नाही.

आता तापमानाचा काटा निम्म्याच्या खालीच असतो. कात्रजच्या घाटातही.

रेंच पुसून, स्प्रिंग सैल करून ठेवलाय, शनिवारी आणून देते. आणि हो, क्लच प्लेट घसरायला लागलीय. गिअरबॉक्स उतरवताना खालून धरायला दुसरा माणूस लागतो असं तुम्हीच म्हणाला होतात. तर रविवारी दुकान बंदच असतं ना?

तुमची,
८०० वाली ताई