अळंबी खालून पाहा

संपादक महोदय,

रस्त्याकडेच्या झाडावर अळंबी उगवली की लोक वरून एक फोटो काढतात आणि नाव विचारतात. तेवढ्यावरून खात्रीनं काही सांगता येत नाही. वरचा रंग वयानं आणि ऊन-पावसानं पालटतो. फोटो खालच्या बाजूचा हवा आणि ती झाडाला चिकटली आहे त्या जागेचाही. शेजारी पट्टी धरावी. झाड कोणतं, अळंबी जमिनीपासून किती उंचीवर, लाकूड जिवंत की वाळलेलं, हेही टिपून ठेवावं.

बुंध्याशी फळीसारखी आडवी, टणक वाढ आणि खाली पडद्यांऐवजी (टोपीखालच्या पातळ पात्यांऐवजी) बारीक छिद्रं असली, तर गॅनोडर्माची, म्हणजे लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची, शक्यता मोठी. भोवतीच्या पानांवर कोकोसारखी तपकिरी भुकटी साचली असेल तर ती त्याचेच बीजाणू. वाळक्या फांदीवर एक ते चार सेंटिमीटरचे लवदार, पांढुरके पंखे असतील आणि खालचा प्रत्येक पडदा लांबीत दुभंगलेला असेल, तर तो शिझोफायलम. हा कोरडा पडला की आक्रसतो, भिजला की पुन्हा उमलतो. त्यामुळे जुनाच पंखा नवा उगवल्यासारखा वाटतो.

मऊ, पडदेवाल्या अळंबीचा बीजाणूठसा, म्हणजे गळलेल्या बीजाणूंचा कागदावरचा ठसा, घ्यावाच; त्याचा रंग ओळखीला उपयोगी पडतो. देठ कापून टोपी, पडदे खाली करून, अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी आणि वाटीखाली रात्रभर झाकावी. नुसत्या पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा दिसत नाही. टोपी फार कोवळी किंवा सुकलेली असेल तर ठसा उमटतच नाही. अशा वेळी पडद्यांचा रंग हाच ठशाचा रंग धरू नये.

ठसा पांढरा म्हणजे धिंगरी (ऑयस्टर मशरूम), म्हणजे खाण्याजोगी, हा हिशेब जिवावर बेततो. झाडांखाली उगवणाऱ्या विषारी ॲमॅनिटा अळंब्यांचाही ठसा पांढराच असतो. विषारी अळंबीसोबत शिजवल्यावर चांदीचा चमचा किंवा लसूण काळा पडतो, ही परीक्षा खोटी आहे. अशा ॲमॅनिटांतलं ॲमॅटॉक्सिन हे विष शिजवूनही नष्ट होत नाही आणि लक्षणं दिसायला सहा तासांहून अधिक वेळ लागतो. ओळख पटवा, खाऊ नका.

आणि कृपा करून गॅनोडर्मा तोडून टाकू नका. बुरशीचे तंतू लाकडात असतात, त्यामुळे तोडल्यानं झाड बरं होत नाही, उलट तपासणाऱ्याची खूण मात्र जाते. पालवी हिरवीगार असतानाही बुंधा आतून कुजलेला असू शकतो आणि असं झाड वाऱ्यात कोसळतं. फोटो व जागा उद्यान विभागाला कळवा आणि तपासणी होईपर्यंत त्याखाली गाडी लावू नका.

आपले,
वृक्षनिरीक्षक