सांडपाण्याचे बिल अंदाजाने लावणे बंद करा

प्रति,
व्यवस्थापक, बिलिंग विभाग

विषय: माझ्या दुकानाच्या जोडणीवरील सांडपाणी आकार

तुमच्या ग्राहक सेवेतल्या माणसाशी बोलून आत्ताच फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. यापुढे फोनवर बोलणार नाही. लेखी उत्तर हवे.

टाउनशिपचा मैलाशुद्धीकरण प्रकल्प तुम्ही चालवता, मीटरही तुम्हीच बसवलेत, त्यामुळे पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. नळाच्या मीटरवर जेवढे पाणी दिसते, त्याच्या 80 टक्के गटारात आले असे धरून तुम्ही बिल काढता. माझ्या फ्लॅटला हे एक वेळ चालेल. दुकानाला चालत नाही. मी इडली-डोशाचे ओले पीठ विकते. किलोभर डाळ-तांदूळ भिजवून वाटले की दोन किलोंच्या वर पीठ होते. वाढलेले वजन पाण्याचे, आणि ते पिशवीत भरून दुकानाबाहेर जाते. तांदूळ धुतलेल्या, ग्राइंडर विसळलेल्या पाण्याचे पैसे मी देणारच. पिशवीतल्या पाण्याचे का द्यायचे?

हेच त्या माणसाला विचारले. तो म्हणाला, "मॅडम, पाणी घेतलं म्हणजे ते गटारातच जाणार." मी म्हटले, पिठात जाते. तर म्हणाला, "आणि पीठ खाणारे कुठे जातात? शेवटी गटारातच ना?" आणि हसला. मागे आणखी कोणीतरी हसलेले मला ऐकू आले. मी त्याला शांतपणे सांगितले की माझे गिऱ्हाईक गावभर पसरलेले आहे आणि प्रत्येक जण आपापल्या घरचा सांडपाणी आकार भरतो; त्याच पाण्याचे तुम्ही माझ्याकडून कशाला घेता? यावर, "सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही," आणि फोन बंद. पहाटे उठून काम करणाऱ्या बाईने हिशेब विचारला तर तिच्याशी असे बोलायचे, हे तुमच्याकडे शिकवतात का? नसेल तर त्या माणसाला आणि मागे हसणाऱ्याला जाब विचारा. कॉल रेकॉर्ड होतो असे सुरुवातीला तुमचीच टेप सांगते. तो ऐका.

आता माझ्याच रांगेतले हॉटेल बघा. त्यांचे बहुतेक पाणी बोअरचे आणि टँकरचे. त्यावर मीटर नाही, म्हणून सांडपाणी आकारही नाही. त्यांचे तेलकट पाणी त्याच चेंबरमध्ये उतरते, चेंबर तुंबतो आणि साफसफाईचा खर्च सगळ्यांच्या देखभाल शुल्कात वाटला जातो. म्हणजे गटारात न सोडलेल्या पाण्याचे पैसे मी भरते आणि सोडलेल्या पाण्याचे ते भरत नाहीत. इंग्लंडमध्ये उद्योगांच्या सांडपाण्याला मॉग्डेन सूत्र लावतात. त्यात पाणी किती सोडले याबरोबर ते किती घाण आहे हेही मोजतात. तुम्ही यातले काहीच मोजत नाही.

80 टक्क्यांचा आकडा नियमपुस्तिकेतला आहे असे मला ऐकवले गेले. केंद्राच्या पुस्तिकेत तो आहे, पण वाहिनी किती रुंद टाकायची, प्रकल्प किती मोठा बांधायचा हे ठरवण्यासाठी. एका दुकानाचे बिल काढण्यासाठी नाही.

गटाराची वाहिनी भरून वाहत नाही, त्यामुळे तिच्यावर साधा मीटर चालत नाही, हे मला कळते. तशी माझी मागणीही नाही. पिठासाठी जो नळ वापरते, त्यावर वेगळा मीटर बसवा आणि त्याचे रीडिंग एकूण वापरातून वजा करा. मीटरचा खर्च मी देते. बोअर आणि टँकरचे पाणी घेणाऱ्या प्रत्येक दुकानालाही मीटर लावा. शिवाय प्रकल्पात आत येणाऱ्या पाण्याचा मीटर तुमच्याकडे आहे. त्याचे महिन्याचे आकडे आणि आम्हा सगळ्यांना लावलेल्या सांडपाण्याची बेरीज शेजारी शेजारी ठेवून रहिवाशांना दाखवा. या दोन्हींत किती तफावत आहे ते आम्हालाही बघू द्या.

फ्लॅट घेताना "वापराल तेवढेच भरा" हे तुमचे वाक्य माहितीपत्रकात वाचले होते आणि त्यावर विश्वास ठेवला होता. तो विश्वास आता उरलेला नाही.

15 दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. दुकान आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असे सांगू नका. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः राबणाऱ्याला 2019 चा कायदा ग्राहकच मानतो. तोपर्यंतची बिले निषेध नोंदवून पूर्ण भरेन, त्यामुळे थकबाकीच्या नावाखाली माझे पाणी तोडता येणार नाही.

दुकान व फ्लॅटधारक