सहा कोर्टांचा हिशेब : गोव्याच्या क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री,
गोवा राज्य

सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात लुसोफोनिया खेळ झाले. पोर्तुगीज भाषेच्या नात्याने एकत्र आलेल्या या मंडळींत ब्राझीलसारखा अवाढव्य देश असला, तरी मकाव, केप व्हर्ड, पूर्व तिमोर अशा छोट्यांचाच भरणा अधिक. नऊ खेळ झाले. टेबल टेनिस होते, टेनिस नव्हते. छोट्या देशांच्या अशा स्पर्धेचे यजमानपद पुन्हा गोव्याकडे आले, तर त्यात टेनिस असावे, एवढेच आम्हाला सुचवायचे आहे. मात्र ‘टेनिस म्हणजे स्टेडियम’ असे समीकरण मांडून कोणी आपल्यापुढे प्रस्ताव ठेवला, तर आधी खालचा हिशेब पाहावा.

नमुना म्हणून युरोपातल्या छोट्या राष्ट्रांचे खेळ घेऊ. १९८५ साली सान मारिनोत सुरू झालेली ही स्पर्धा दर दोन वर्षांनी भरते. सायप्रस, माल्टा, आइसलँड, लक्झेंबर्ग, मोनॅको, अँडोरा, लिक्टेनस्टाइन, सान मारिनो आणि नंतर आलेले माँटेनेग्रो असे नऊ देश. लोकसंख्या दहा लाखांच्या आत हवी, ही मूळ अट. क्षेत्रफळाच्या मापानेही गोवा मोठाच ठरेल : माल्टा, अँडोरा, लिक्टेनस्टाइन, सान मारिनो आणि मोनॅको या पाचांचे क्षेत्रफळ एकत्र केले, तरी गोवा त्याच्या साडेतीनपटींहून मोठा आहे. मोनॅकोची तर गंमतच आहे. ज्या माँटे कार्लो कंट्री क्लबवर जगप्रसिद्ध मास्टर्स स्पर्धा होते, तो क्लब मोनॅकोच्या हद्दीत नाही, शेजारच्या फ्रान्समधल्या रोकब्रून-काप-मार्तां गावात आहे. तेव्हा जागेची सबब पुढे करायचे आपल्याला कारण नाही.

आता आकडे. नऊ देश, प्रत्येकाचे दोन पुरुष आणि दोन स्त्रिया असे धरू. बाद पद्धतीत सामने नेहमी खेळाडूंपेक्षा एकाने कमी असतात. म्हणजे १८ जणांच्या एकेरीत १७ सामने. पुरुष आणि महिला मिळून ३४. प्रत्येक देशाची एक जोडी धरली, तर पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरीचे प्रत्येकी ८, एकूण २४. सगळे मिळून ५८. कांस्यपदकासाठी वेगळा सामना ठेवला, तर आणखी ५. एकेरीला सरासरी पावणेदोन तास आणि दुहेरीला (तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक ठेवून) सव्वा तास धरला, तर ५८ सामन्यांना सुमारे ९० तास लागतात. एका कोर्टावर उजेडात दिवसाला आठ तास खेळ होतो, पाच दिवसांत चाळीस. ९० भागिले ४०, म्हणजे तीन कोर्टे पुरे!

कागदावर इथवर सगळे ठीक दिसते आणि फसगत इथेच होते. कोर्टांची गरज सरासरीवरून ठरत नाही, सर्वांत गर्दीच्या दिवसावरून ठरते. १८ जणांच्या ड्रॉमध्ये (कोण कोणाशी खेळणार याच्या तक्त्यात) पहिल्या फेरीत फक्त दोन सामने असतात, बाकीच्यांना बाय, म्हणजे न खेळताच पुढची फेरी. त्यामुळे पहिला दिवस सुस्त जातो. दुसऱ्या दिवशी दोन्ही एकेरींच्या सोळा-सोळा जणांच्या फेऱ्या, म्हणजे १६ सामने, २८ तास. त्यात दोन्ही दुहेरींच्या उपांत्यपूर्व फेऱ्या, ८ सामने, १० तास. एकूण ३८ तास एकाच दिवशी; त्याला पाच कोर्टे लागतात. महिला एकेरीची दुसरी फेरी पहिल्याच दिवशी उरकली, तर दुसऱ्या दिवसाचा भार २४ तासांवर येतो आणि तीन कोर्टांत भागते. पण मग पहिल्या फेरीत जिंकणाऱ्या दोघींना एकाच दिवशी दोन एकेरी खेळाव्या लागतात. आदल्या रात्री उद्घाटन सोहळ्यात तीन तास उभ्या राहिलेल्या मुलीवर आम्ही ही वेळ आणणार नाही.

त्यातच विश्रांतीचा नियम येतो. एकेरी दीड तासाहून लांबली, तर त्या खेळाडूला पुढच्या सामन्याआधी दीड तास मोकळा द्यावा लागतो. एक ते दीड तास चालली तर एक तास, त्याहून कमी तर अर्धा. छोट्या देशाचे पथकही छोटे, म्हणून तोच खेळाडू एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरीतही उतरतो. मग कोर्ट रिकामे, पंच खुर्चीत बसलेले आणि खेळाडू मात्र विश्रांतीच्या घड्याळाकडे बघत बसलेला, हे दृश्य ठरलेले. या मोकळ्या वेळेसाठी पाचावर एक कोर्ट जादा हवे. ते सरावालाही उपयोगी पडते. असा सहाचा आकडा येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी ही सहा कोर्टे अर्धी मोकळी राहतील. ती पाहून ‘पैसे वाया गेले’ असा शेरा कोणी फाइलवर मारू नये.

कोर्टाचे माप मोकळ्या जागेसह ३६.५७ गुणिले १८.२९ मीटर, सुमारे ६६९ चौरस मीटर. सहांना चार हजारांच्या आसपास. एका फुटबॉल मैदानात सहाही कोर्टे बसतात, कुंपणाला आणि वाटांना जागा सोडूनसुद्धा. दिशा उत्तर-दक्षिण, नाहीतर सकाळ-संध्याकाळ एका बाजूच्या खेळाडूला सर्व्ह करताना चेंडू दिसणारच नाही.

बांधकामाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण पैसा इथेच बुडतो. आपल्याकडे जांभ्याच्या मुरमाचा भराव टाकून वर लगेच डांबर किंवा काँक्रीट करण्याची घाई असते. भराव एक पावसाळा मुरू द्यावा, नाहीतर पुढच्या जूनमध्ये कोपरा बसतो आणि बेसलाइनपाशी तळे साचते. काँक्रीट असेल तर खाली ओल अडवणारा थर हवाच. गोव्याच्या जमिनीतली वाफ वर येते आणि ॲक्रिलिकचे, म्हणजे वरच्या रंगीत थराचे, फोड उठतात. काँक्रीटवर रंग चढवण्याआधी २८ दिवस थांबावे लागते. जोड द्यायचा असेल तर तो नेटच्या रेषेखाली यावा, खेळाच्या पट्ट्यात नाही. उतार एकाच बाजूला, साधारण शंभराला एक. मध्ये उंचवटा करून दोन्हीकडे उतार दिलेले कोर्ट खेळायला निकामी. तीन मीटरची सरळ पट्टी ठेवून खालची फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे का, हे पैसे देण्याआधी तपासावे, नंतर नव्हे. आणि सहाही कोर्टांचा वरचा थर एकाच टोळीने, वाळूचे एकच प्रमाण ठेवून, एका दमात करावा. वाळू कमी-जास्त झाली की एक कोर्ट जलद आणि दुसरे संथ होते. मग ड्रॉमध्ये कोण कुठे पडला यावर निकाल ठरू लागतो.

दिव्यांचा प्रश्न. ‘रात्री खेळवू, कोर्टे कमी लागतील’ असे सुचवणारे भेटतील. जानेवारीत गोव्यात पाऊस नसतो, दव असते. सूर्यास्तानंतर दीड-दोन तासांत ॲक्रिलिकवर ओल धरते, आधी रंगवलेल्या रेषांवर. रेषेवर पाय घसरला की घोटा गेलाच. चेंडू जड होतो तो वेगळाच. ५०० लक्सचे (लक्स हे उजेडाचे माप) दिवे लावले म्हणून दव थांबत नाही. त्यापेक्षा ३०० लक्सचे दिवे लावून ते लांबलेला शेवटचा सामना संपवण्यापुरते वापरावेत. उरलेल्या पैशांत दोन कोर्टांवर छप्पर होत असेल, तर ते आधी करावे. पावसाळ्याचे चार महिने आपली मुले त्याखाली सराव करतील.

तारखाही जपून निवडाव्यात. युरोपातले छोट्या राष्ट्रांचे खेळ मे महिन्याच्या शेवटी येतात आणि रोलाँ गारोसशी, म्हणजे पॅरिसच्या फ्रेंच ओपनशी, टक्कर होते. २०२३ साली माल्टात आणि २०२५ साली अँडोरात तसेच झाले. ज्या देशाचा एखादाच खेळाडू जागतिक क्रमवारीत वर असतो, तो तेव्हा पॅरिसला जाणार, इथे कशाला येईल? आपले २०१४चे खेळ १८ ते २९ जानेवारीला होते. त्याच काळात मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन चालू होती. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बरा.

बाकीचे थोडक्यात. दहा चेअर अंपायर, एक रेफरी, दोन सहायक. रेषापंच फक्त उपांत्य आणि अंतिम फेरीला. चेंडूंचा एक डबा सामन्याच्या सुरुवातीला, एक तिसऱ्या सेटसाठी. दुहेरीत तिसरा सेट नाही, म्हणून एकेरीच्या ३४ सामन्यांना ६८ आणि दुहेरीच्या २४ सामन्यांना २४, असे ९२ डबे आणि सराव धरून साडेतीनशे. दुहेरीच्या नेटवर एकेरी खेळवताना सिंगल्स स्टिक (नेटला एकेरीच्या रेषांपाशी आधार देणाऱ्या काठ्या) हव्यातच, कोर्टाला दोन. त्या मागवायच्या हमखास राहतात आणि ऐनवेळी कोणीतरी बांबू शोधत फिरतो. वेळापत्रकात ठरावीक वेळ फक्त पहिल्या सामन्याला द्यावी, पुढचे ‘त्यानंतर’. एखादा सामना ६-०, ६-० असा पन्नास मिनिटांत संपेल, तर एखादा तीन तास चालेल. आणि एक विनंती, राग नसावा : पाहुणे यायचे आहेत म्हणून अंतिम सामना थांबवू नये. तापलेले अंग अर्ध्या तासात थंड पडते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्याने राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरवल्या, त्यात टेनिसही होते. तेव्हा हा खेळ आपल्या क्रीडा खात्याला अनोळखी नाही. पुढच्या वेळी निविदा काढताना बांधकामाच्या नकाशाआधी पाच दिवसांचा सामन्यांचा तक्ता फाइलला जोडावा : कोणत्या दिवशी, कोणत्या कोर्टावर, किती तास. तो तक्ता आम्ही विनामूल्य करून देऊ.

कळावे.

आपले नम्र,
गोव्यातील काही टेनिस पंच आणि कोर्टांची देखभाल करणारे