उपड्या वाटीला विचारलेला प्रश्न

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कष्टकरी वर्गातील बुवाबाजीवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेखकाचा संताप रास्त आहे. तथापि हातावर पोट असलेला माणूस गूढविद्येकडे निव्वळ अडाणीपणामुळे वळतो, हे त्यांचे गृहीतक मला पटले नाही.

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातले कीथली हे लोकरीच्या गिरण्यांचे गाव. अमेरिकेत १८४८ मध्ये फॉक्स भगिनींच्या घरी ऐकू आलेल्या ठोक्यांपासून मृतात्म्यांशी बोलण्याचे जे वेड पसरले, ते १८५३ मध्ये या गावी आणले डेव्हिड रिचमंड नावाच्या, लोकर विंचरण्याचा धंदा केलेल्या माणसाने. दोनच वर्षांत तेथून या पंथाचे वृत्तपत्र निघू लागले. घरातल्या साध्या टेबलाभोवती भरणाऱ्या अशा बैठकांना ना पाद्री लागे, ना श्रीमंतांनी भाडे भरून अडवलेले बाक. चर्चमध्ये जिला चकार शब्द काढता येत नसे, ती बाई येथे माध्यम म्हणून, म्हणजे मृतात्म्याच्या वतीने, बोलू लागली की पुरुष मुकाट्याने ऐकत. पुढे १८८८ मध्ये मार्गारेट फॉक्सने ते ठोके आपण पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढत होतो अशी जाहीर कबुली दिली (ती नंतर मागेही घेतली), पण पंथ काही मोडला नाही.

मला स्वतःला आठवते ती लालबागच्या आमच्या चाळीतली खोली. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला गिरणी संप लांबत गेला, तशी मृतात्म्यांना प्रश्न विचारण्यासाठी रात्री पाटावर खडूने अक्षरे आणि आकडे लिहून, वाटी उपडी घालून तिच्यावर बोटे टेकवण्याची टूम निघाली. फसवणाऱ्या भोंदूंवर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा बडगा पडलाच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. मात्र त्या पाटाभोवती भोंदू कुणीच नव्हता, सगळे बिनपगारी साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार होते. त्यांतले एक काका आपल्या वारलेल्या वडिलांना दर खेपेस एकच प्रश्न विचारीत, 'गिरणी कधी चालू होणार?' वाटी सरकायची, बहुधा आमच्यापैकीच कुणाच्या तरी बोटाने. तिने सांगितलेली तारीख उलटून गेली की ते पुन्हा पाटाशी येऊन बसत. हाच प्रश्न त्यांनी आधी युनियनच्या कचेरीत आणि गिरणीच्या गेटावर विचारून पाहिला होता.

आपला नम्र,
एक निवृत्त गिरणी कामगार, लालबाग, मुंबई